रांगेतली शेवटची जागा

"मॅडम, टँकर न्हेतो. पर घागरी मी भरणार न्हाई. तुमी भरा!"

"अजमल, वस्तीवर पाणी पोचवायचं, एवढंच तुझं काम. त्यात नखरे कसले?"

"कसली वस्ती? एक म्हातारी हाय तितं! बंद करून टाका की. आधीच्या सायबानं न्हाई का केला, खुर्चीत बसून?"

"म्हणूनच मी बघायला निघालेय."

"बघा, बघा. मग कळंल."

प्रियदर्शनी जत तालुक्यातल्या या गावाची नवी ग्रामसेविका. पोर माधवनगरची. रेशनच्या खिडकीबाहेर ताटकळणारी आई बघत वाढलेली, त्यामुळं खिडकीच्या आतल्या माणसावर तिचा लहानपणापासून दात. आता आत ती स्वतः बसत होती. बाभूळवस्तीचा बंद पडलेला टँकर यंदा तिनंच पुन्हा सुरू करवला होता. आणि आज वरून फोन आला होता, वस्ती रिकामी असेल तर बंद करा.

भर दुपारी टँकर वस्तीवर टेकला. घरांना दारं नव्हती. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. पण आडापासून बाभळीपर्यंत घागरींची रांग उभी होती, घासूनपुसून लख्ख. शेवटच्या घागरीपाशी म्हातारी रंगूबाई उकिडवी बसली होती.

"आजी, आधी तुमची भरते."

"आगं, माझा नंबर शेवटचा! घागर ठिवली की नंबर लागला. माणूस दिसंना म्हणून कुनी घागर हलवतं व्हय?"

"पण ही माणसं आहेत कुठं?"

"टँकर बंद झाला, तवा आडातला गाळ प्याली. जगली ती ऊसतोडीला गेली, परत आली न्हाईत. बाकीची त्या माळावर पुरली." रंगूबाईनं हनुवटीनं दाखवलं. "ह्या घागरी माळावरच्यांच्या."

अजमलनं पाइप प्रियदर्शनीच्या हातात कोंबला. तिनं पहिली घागर काठोकाठ भरली. दुसरीकडं वळते न वळते तोच मागून आवाज आला. घट, घट, घट. तहानेनं जीव गेलेल्या घशाचा. वळून बघते तर पहिली घागर कोरडी ठाक. तळाला ओलसुद्धा नाही.

"रोज असंच," अजमल पुटपुटला आणि केबिनमध्ये चढून बसला.

ती भरत गेली. मागच्या मागं घागरी रित्या होत गेल्या. रंगूबाईची तेवढी भरलेली राहिली. म्हातारीनं ती डोक्यावर घेतली.

"पोरी, आधीच्या सायबानं ह्यास्नी इचारलं न्हवतं. तू तरी इचार."

प्रियदर्शनी रांगेकडं वळली. समोर कुणी नव्हतं. "उद्या... पाणी पाठवू?"

वारा पडलेला होता. मातीवर खरखर झाली आणि सगळी रांग हातभर पुढं सरकली.

"मॅडम, चढा लवकर!" अजमल ओरडला. "वर काय सांगणार तुमी? माणसं किती म्हणून सांगणार?"

तिनं पिशवीतली आपली पाण्याची बाटली काढली, उरलेलं पाणी आता शेवटच्या झालेल्या घागरीत ओतलं आणि रिकामी बाटली रांगेच्या शेवटी रंगूबाईच्या मोकळ्या जागेत उभी केली. "रांगेत आहेत तेवढी, आणि एक मी." मग टँकरकडं न बघता ती गावच्या वाटेनं चालू लागली.