आमचे ‘हे’ दानात गेले तेव्हा

आमच्या ह्यांना मी हॉलंडातल्या उइटहॉर्न गावच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात दान करून टाकलं, तेव्हा मी अवघी सत्तर वर्षांची होते. (त्या वयात मुलींना पोच कमीच!)

हे करोनात गेले. हॉस्पिटलात आम्हाला आत सोडलं नाही. शेवटचं बोलणं फोनवर, आणि त्यात ह्या शहाणीनं विचारलं काय? “गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवलीत हो?”

मग विमानं बंद, नाशिक लांबलं. अस्थी घरात ठेवायच्या नाहीत, आणि टांगाव्यात तर झाड नगरपालिकेचं! म्हणून कलश ठेवला सायकलींच्या शेडमध्ये. थंडी वाजेल म्हणून (राख झालेल्या माणसाला!) त्याला ह्यांची माकडटोपी घातली, मफलर गुंडाळला, कापडी पिशवीत बसवला. शेजारी ह्यांच्या दान करायच्या कपड्यांच्या पिशव्या होत्याच.

लॉकडाऊन उठून दुकान उघडलं, तशी मी जावयांना फर्मावलं, “नीलेशराव, कोपऱ्यातलं सगळं एकदाचं देऊन या. डोळ्यांसमोर नको.”

दिलं त्यांनी. सगळं!

संध्याकाळी शेडमध्ये दिवा लावायला गेले, तर कोपरा लख्ख!

“मुग्धा, अगं, तुझे बाबा गेले!”

“आई, दोन महिने होत आले आता,” लेक समजुतीच्या सुरात म्हणाली.

“तसे नाही गं! दुकानात गेले!”

सकाळी दुकान गाठलं. मुग्धानं डचमध्ये सगळी कर्मकहाणी सांगितली. काउंटरवरच्या बाईंचे डोळे भरून आले. मान मात्र नकारार्थीच. दानात आलेली प्रत्येक वस्तू आठवडाभर क्वारंटाईनमध्ये. नियम म्हणजे नियम!

“आता ह्यांना आणखी कसला करोना होणारे?” मी कडाडले.

“आई, आधी मास्क नाकावर घे.”

रस्त्याकडच्या काचेआड, पिशव्यांच्या ढिगातून माकडटोपीचा गोंडा तेवढा दिसत होता. हॉस्पिटलात एवढंसुद्धा दिसलं नव्हतं.

मग रोज जाऊन मी त्या काचेसमोर उभी राहू लागले. फोनवर राहून गेलेलं बोलायचं होतं. पण ते काही जिभेवर येईना, म्हणून म्हटलं, सुरुवातीपासूनच सांगू. बघण्याच्या कार्यक्रमात तुम्ही पोह्यांना नावं ठेवलीत, तिथपासून! माझ्यामागे दीड-दीड मीटरवर डच मंडळी शिस्तीत रांग लावायची. आत काहीतरी स्वस्त निघालंय, असं वाटून!

आठवडा संपला. बाईंनी ग्लोव्हज घालून पिशवी बाहेर आणली, दोन्ही हातांनी अदबीनं पुढे धरली. मुग्धा हुंदके द्यायला लागली. आणि मी? चक्क एक पाऊल मागे सरकले.

“विचार गं त्यांना, आणखी थोडे दिवस ठेवतील का?”

“आई! हे मी डचमध्ये कुठल्या तोंडानं सांगू? इतका आरडाओरडा करत होतीस ना, द्या म्हणून?”

“अगं, पण माझं बोलून कुठे झालंय? आठवडाभरात जेमतेम लग्नाच्या पंगतीपर्यंत आलेय मी!”