एरंडीच्या तेलातली तूर

बियाणं हा शेतकऱ्याचा वंश असतो, असं व्यासपीठावरून नेहमी सांगतात. परवा औषधाच्या दुकानात एरंडीच्या तेलाचा वास आला आणि आमच्या गावचं, धनजचं अंगण आठवलं. नव्या रस्त्यात आमचं सगळं वावर जाणार हे ठरलं होतं, तरी आई बियाण्याच्या तुरीला तेल चोळत होती. मी तेल ओतत होतो.

"कमी ओत. बी होय थे, नवरदेव नोहे," ती म्हणाली.

काकांनी विचारलं, "वहिनी, पेरता कुठी?"

"वावर जाऊन राह्यलं म्हणून बियाले कीड लागू देऊ काय?"

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता कळतं, तिला वावराचा निरोप घेववत नव्हता. वरून राख चोळून तिने तूर कोठीत भरली. तुरीला एकही किडा लागला नाही. पुढच्या पावसाळ्यात आम्ही तिचं वरण केलं.