आत्याचा गजरा

मेक्सिकोतले लोक वर्षातून एकदा आपल्या मेलेल्यांना झेंडूची फुलं वाहून घरी बोलावतात, कवट्याही नटवतात. तसं एक चित्र छापायचं म्हणून मी लाकडावर कवटी कोरायला घेतली आणि कोरता कोरता ती माझ्या आत्याची झाली. आत्या ऐन विशीत विधवा झाली. त्यानंतर घरात तिला कुणी फूल माळू दिलं नाही. मी तिच्या कपाळावर झेंडू कोरले, बाजूला अबोलीचा गजरा कोरला. शाई लावली, कागद दाबला आणि अलगद उचलला.

आई बघत राहिली. "किती शोभतोय गं तिला गजरा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाहेरच्या खोलीत मात्र लावू नकोस हं. लोक काय म्हणतील?"

मेल्यावरही आत्याला फुलांची परवानगी मिळाली नाही.