ताम्हिणीच्या अलीकडे

महिपती पहिल्यांदा ती सायकल घेऊन गावात आला तेव्हा त्याची आई गिरजाबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने सायकलचे जाड टायर पाहिले, आडवं हँडल पाहिलं आणि विचारलं, "ह्या वयात रेडा कशाला आणलास रं?"

"रेडा नाय आये, गिअरची सायकल हाय. डोंगर चढते."

"डोंगर? आपल्या हिते डोंगर कुठं हाय चढायला?"

गिरजाबाईचं बोलणं खोटं नव्हतं. वडखळच्या पुढे, खाडीला टेकलेलं ते गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खारजमिनीतली भातशेती आणि खाडीला अडवून धरणारा मातीचा लांबलचक बांध. त्या मुलखात चढ म्हणून नाही. महिपतीच्या लहानपणी त्याला ठाऊक असलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे मिठाची रास, आणि तिच्यावर चढलं की मुकादम आईबापाचा उद्धार करायचा. पण हिवाळ्यात हवा निवळली की पूर्वेला सह्याद्रीची निळी भिंत दिसायची. "तिच्या मागं काय हाय?" असं त्याने एकदा बापाला विचारलं होतं. "देश हाय," एवढंच बोलून बाप पुन्हा वाफ्यातलं मीठ ओढू लागला.

मोठेपणी त्याला रोह्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. बायको पुतळीला घेऊन तो रोह्याला लागूनच असलेल्या वरश्याला एका खोलीत राहू लागला. दर शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की भिसे खिंडीतून, नागोठण्यावरून सायकलने गावी जायचं, रविवारी शेताचं आणि बांधाचं काम करायचं आणि सोमवारी कामावर परतायचं, हा त्याचा बारा वर्षांचा नेम. बदली झालेल्या एका साहेबांनी जाताना आपली गिअरची सायकल त्याला देऊन टाकली, ती ९४ सालच्या पावसाळ्यानंतर. साहेबांनी ती फार तर चार वेळा चालवली असेल.

त्याच सुमारास खिंडीत त्याची प्रविणशी गाठ पडली. प्रविण रोह्याच्या बँकेत कारकून होता, डोंगरात भटकणारा, जेमतेम तिशीतला. चढाच्या मध्यावर तो धापा टाकत सायकल ढकलत होता. महिपती शेजारून सरळ वर गेला, आणि वर पोचल्यावर त्याची वाट बघत थांबला.

"दादा, तुम्ही करता काय?" प्रविणने विचारलं.

"तिसऱ्या प्लँटला हेल्पर हाय."

"तसं नव्हे हो. चढायला कुठं शिकलात?"

"हितेच. घरी जायचं असतं ना!"

प्रविणने त्याला बेत सांगितला. एक जानेवारी, रविवार. पंधरावीस जण सकाळी सहाला रोह्याहून निघणार, कोलाड, विळे करत ताम्हिणीचा घाट चढणार, मुळशीच्या पाण्याला हात लावून दिवस मावळायच्या आत परत येणार. ताम्हिणीचा रस्ता तेव्हा नावाचाच होता. बराचसा दगडधोंडा, मध्ये मध्ये ओढ्यांनी खाल्लेला. "दुसऱ्या घाटानं, एसटीनं तरी गेला नाहीत कधी वर?" प्रविणने विचारलं. महिपतीने नकारार्थी मान हलवली. एसटीनं जाणं म्हणजे कुणी कडेवर घेऊन नेल्यासारखं, असं त्याच्या मनात आलं, पण ते बोलायला त्याला लाज वाटली.

त्या दिवसापासून महिपतीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कारखान्याने दिलेल्या डायरीत त्याने तारखेभोवती गोल केला आणि मागे मोजत आठवडे आखले. पहिल्या आठवड्यात खिंड दोनदा, दुसऱ्यात तीनदा. वर जायचं, खाली यायचं, परत वर. एकदा एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय रे, वर काय हरवलंय का तुझं?" वरश्यामागच्या रानातल्या पाऊलवाटांवरून, मुळ्या आणि गोटे चुकवत तो तोल सांभाळायला शिकला. नाचणीची भाकरी आणि गूळ किती वेळ अंगात पुरतो, पाणी घोट घोट प्यायलं तर किती लागतं, हे त्याने स्वतःवर पारखून घेतलं. पंक्चर काढायला, तुटलेली साखळी जोडायला बसला की पुतळी म्हणायची, "माझ्या हाताला काटा रुतला तं इतकं बघत नाय तुमी."

शनिवारचा नेम त्याने मोडला नाही. पण आता तो सरळ गावी जात नसे, खिंडीत दोन फेऱ्या मारून जाई. पोचेपर्यंत दिवस बुडे आणि रविवारी सकाळीच तो निघे, कारण परतीच्या वाटेवर पुन्हा खिंड असे. आणि इथेच चूक झाली. खारजमिनीत बांध सगळ्या गावाचा असला तरी प्रत्येक चुलीला त्यातला तुकडा वाटून दिलेला असतो. महिपती आणि त्याचा धाकटा भाऊ जनू यांच्या चुली दोन वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या, म्हणून महिपतीच्या नावावर चाळीस हात बांध होता. दर आठवड्याला त्यावरून वाकून चालायचं, चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, पाडलेली बिळं शोधायची आणि चिखलाने बुजवायची. एवढंसं काम. दोन महिने त्याने ते केलं नव्हतं.

एकतीस डिसेंबरच्या शनिवारी तो गावी गेलाच नाही. आदल्या दिवशी पायांना विश्रांती द्या, असं प्रविणने बजावलं होतं. दुपार कलली तेव्हा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. वडखळ नाक्यावरून जनूचा फोन होता.

"दादा, खांड पडली."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड.

"कुठं?"

जनू म्हणाला, "तुझ्याच तुकड्यात. बिळातनं पाणी घुसलं. उद्या अवस हाय, दादा. रातच्या भरतीपुरता पेंढा दाबलाय, पण पहाटंच्या ओहोटीला पक्की बांधली नाय तं दुपारच्या उधाणाला अख्खी शेती जाईल."

अवस! अमावास्येचं उधाण सगळ्यात मोठं. खाडीकाठचा माणूस चंद्र बघितल्याशिवाय लग्नाची तारीखही धरत नाही. पण डायरीत तिथी नसते, आणि वरश्याच्या दिव्यांत महिपतीने दोन महिने आभाळाकडे पाहिलंच नव्हतं. खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव नको. शेत काही त्याच्या एकट्याचं नव्हतं.

"जनू, घरटी एक माणूस लागेल ना? माझ्या बदली कुणी..."

"बायामाणसं माती वाहतील, दादा. खांडीत उभा राहायला गडीच लागतो, ज्याच्या तुकड्याची खांड त्याच्याच चुलीचा. तुला ठाव हाय." आणि मग हळूच, "मी आयला सांगून ठेवलंय, घाटापायी तू येणार नाय म्हणून. बघ बाबा तुझं."

त्याने फोन ठेवला. खोलीवर पुतळी उद्यासाठी भाकऱ्या थापत होती. त्याने सांगितलं तेव्हा तिने तव्यावरची भाकरी उलटली, खाली उतरवली आणि फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. "मी सांजच्या गाडीनं येते," एवढंच म्हणाली. रविवारसाठी हवा भरून, तेल घालून ठेवलेली सायकल घेऊन तो निघाला. आयुष्यात तो इतका जोरात कधी गेला नव्हता. भिसे खिंड त्याने एकदाही न उतरता, एकदाही न थांबता पार केली, आणि ती कोलाडच्या उलट दिशेला होती.

पहाटे ओहोटी लागली तसा सगळा गाव बांधावर आला. महिपती खांडीत छातीइतक्या गार चिखलात उतरला. लाकडी मेढी ठोकल्या, पेंढा आणि काटेरी फांद्या दाबल्या, वर चिखलाचे गोळे. बायांची रांग हातोहात गोळे पुढे देत होती. म्हातारा गुणाजी काठावरून बघत होता.

"महिपती, सायकलला ठिगळं लावतोस ना रं?"

"व्हय काका."

"मंग बांधाला पण एक लावायचं व्हतंस."

बाया हसल्या. महिपती पण हसला, आणि त्याला बरं वाटलं, कारण म्हाताऱ्याने यापेक्षा जास्त काही म्हटलं नाही.

पूर्वेकडे उजाडलं. महिपतीचे हात काम करत होते, पण डोक्यात दुसरंच घड्याळ चालू होतं. आता कोलाड आलं असेल. आता विळ्याच्या टपरीवर चहा. ऊन चढलं तेव्हा तो पुतळीला म्हणाला, "आता पहिलं वळण लागलं असंल बघ." तिने त्याच्या तळहातावर चिखलाचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "धरा. पडंल."

दुपारचं पाणी आलं. बांधाच्या कडेला भिडलं, हातभर खाली थांबलं, आणि सगळे ते बघत राहिले. पाणी उतरायला लागलं तेव्हाच जनू खाली बसला. पण ओला बांध भरवशाचा नसतो. होळीपर्यंत दर रविवारी तिथे माती चढवायची, असं गावाने ठरवलं, आणि महिपतीने मान डोलावली.

बुधवारी संध्याकाळी प्रविण वरश्याला त्याच्या खोलीवर आला. नाकाची सालं निघालेली, एका कोपराला पट्टी. पुतळीने चहा ठेवला.

"दादा, तुमची फार आठवण काढली आम्ही. पुढच्या रविवारी जाऊ या का, दोघंच?"

"होळीपर्यंत नाय जमायचं. आणि मंग ऊन," महिपती म्हणाला. "सांगा ना, कसं झालं?"

प्रविण सांगू लागला. विळ्याच्या पुढे रस्ता कसा फुटलेला, पहिल्या चढावर तिघे कसे परत फिरले. महिपती मध्येच विचारत होता. गोटे गोल की धारेचे? ओढ्याला पाणी होतं का? वारा समोरून की बाजूनं? प्रविण हातांनी वळणं दाखवत होता, पाचवं, सहावं, आणि महिपतीचे गुडघे चटईवर आपोआप हलत होते.

"आणि मग शेवटचं वळण घेतलं ना दादा, की एकदम समोर..."

"थांबा," महिपती म्हणाला.

प्रविणने त्याच्याकडे पाहिलं.

"तेवढं नका सांगू. वरचं ऱ्हाऊ द्या मला."

पुतळीने कप पुढे केले. प्रविणने चहा फुंकला. मग त्याने घाट सोडून दिला, आणि उतरताना त्याचा ब्रेक कसा गेला आणि तो करवंदीच्या जाळीत कसा पडला, ते सांगायला सुरुवात केली.