खेतदान चारणाची जामीनकी

भादलाईच्या ठाकूर नाहरसिंगांना बाजू बदलायला फार वेळ लागत नसे. आधी माळव्याच्या सुलतानाचे, मग गुजरातच्या, मग मेवाडच्या राणाजींचे. माणूस वाईट नव्हता हो! गढी चिमूटभर आणि चहूकडे फौजा, करणार काय बिचारा?

पण दर खेपेला त्यांच्या शब्दाला जामीन कोण, तर गढीचा भाट खेतदान चारण. धन्याने शब्द मोडला की चारणाने स्वतःच्या अंगात कट्यार खुपसायची, आणि तो मेला तर ते पाप धन्याच्या कुळाला, ही तिथली रीत. माळव्याच्या वेळी त्याने दंडावर वार करून घेतला, गुजरातच्या वेळी मांडीवर. चारणाला मानाने बारठजी म्हणत; बारठजी, आता उरलंय काय, असं गावातले लोक थट्टेने विचारत. उरला होता गळा, आणि ते खेतदानला चांगलं ठाऊक होतं.

राणाजींना शब्द देऊन वर्ष झालं नाही तोच गुजरातची फौज आली. ठाकुरांची पुन्हा चुळबुळ सुरू झाली. खेतदान आंघोळ करून, मांडीवर कट्यार ठेवून गढीच्या दारात बसला. शब्द पुरा होईपर्यंत अन्न नाही, म्हणाला. चारण दारात उपाशी म्हणजे गढीतही कुणी घास घ्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाकूर स्वतः येऊन पायरीवर बसले. राणाजींची कुमक यायला दोन दिवस लागतील, तोवर मूठभर स्वारांनी खिंडीत फौज अडवायची म्हणजे परत येणं नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं.

“मी मेलो तर चालेल तुम्हाला, बारठजी?”

खेतदानला गलबलून आलं. लहानपणी दोघं एकाच घोडीवर बसायला शिकले होते. “नाही चालणार, हुकुम. पण मलाही मरायचं नाही.”

ठाकूर मनापासून हसले. तळहातावर अमल घेऊन त्यांनी हात पुढे केला. धन्याच्या हातून अफू घेतली की मनात किल्मिष उरत नाही. खेतदानने ती घेतली.

पहाटे केशरी फेटे बांधून स्वार खिंडीकडे गेले. त्यांनी खिंड दोन दिवस धरली. राणाजींची कुमक आली, गढी वाचली. ठाकुरांचं मात्र प्रेतच खाटेवरून आलं.

खेतदान तसाच दारात बसलेला. संध्याकाळी ठकुराणी बाहेर आल्या. त्यांच्या हातात नातलगांकडून आलेली बाजरीची भाकरी होती.

“शब्द पाळला ना त्यांनी?”

“पाळला, ठकुराणीसा.”

“मग जेवा आता. तुम्ही जेवल्याशिवाय माझ्या लेकरांना घास देता येत नाही.”

खेतदानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भूकही लागली होती. तो जेवला.