एका डोळ्याचं सुतक

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी साडेदहा वाजता वसमतच्या एका खासगी रुग्णालयात आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढण्यात आला. शस्त्रक्रियेला पंधरा मिनिटं लागली. दुपारी दोनच्या आत ती कुरुंद्यात, घरी, स्वतःच्या खाटेवर होती. तिचा डावा डोळा सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने गेला आहे. म्हणजे यापुढे जे दिसायचं ते या एकाच डोळ्यातून. घरात आणि भावकीत ही गोष्ट सर्वांना माहीत होती.

तयारीला आठवडा लागला. रक्त तपासलं, साखर तपासली, छातीचा ईसीजी काढला. ऑपरेशननंतर महिनाभर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असं कळल्यावर आईने आदल्या रविवारी शिकेकाईने दोनदा केस धुतले. सोमवारी डोळ्यातली बाहुली मोठी करण्यासाठी नर्स दर दहा मिनिटांनी थेंब टाकत होती. चौथ्या वेळी आई म्हणाली, "बाई, एवढं पानी तर सासरी जाताना बी आलं न्हवतं." नर्सने हसत पाचवा थेंब टाकला.

मंगळवारी रुग्णालयात पट्टी निघाली. काळा चष्मा लावून आई गावात परतली तेव्हा काकांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. भावकीतल्या सर्व नियमांचं खातं त्यांच्याकडे आहे. आईने चष्मा किंचित वर केला आणि हळदीकडे पाहिलं.

"भावजी, यंदा तुमची हळद फिक्की दिसून राहिली."

"वहिनी, पट्टी बांधून घ्या परत," काका म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. पुण्यात आमचे एक लांबचे चुलते वारले. त्यांच्या घराशी आमचं बोलणं बांधाच्या वादावरून वीस वर्षं बंद होतं. सुतक मात्र बंद नव्हतं. नातं लांबचं म्हणून ते तीन दिवसांचं धरावं आणि शनिवारी सर्वांनी डोक्यावरून अंघोळ करून फेडावं, असं काकांनी ग्रुपवर लिहिलं. त्याखाली एकवीस जणांनी हात जोडले.

गुरुवारी आमच्या पडवीत बैठक बसली. हजर आठ जण होते. अडचण अशी होती की हयात असलेल्यांत आई सर्वांत थोरली, आणि थोरली न्हाल्याशिवाय बाकीच्यांचं सुतक फिटत नाही, असं काकांचं म्हणणं. हा नियम कुठून आला हे मी विचारलं. "हाय पहिल्यापासून," असं उत्तर मिळालं. एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी तीस वर्षं काढली आहेत. या सूत्राच्या हवाल्याने तिथे पुष्कळ बातम्या लागल्या, म्हणून पुढचा प्रश्न विचारला नाही.

रुग्णालयाने दिलेला सूचनांचा कागद मी बैठकीत फिरवला. तिसरी सूचना होती: महिनाभर डोक्यावरून अंघोळ करू नये. काकांनी कागद दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"यात सुतकाचं काही लिव्हलं न्हाई," ते म्हणाले.

एका चुलत भावाने तोडगा सुचवला. काकू रविवारीच दोनदा न्हाल्या आहेत, त्यातली एक अंघोळ आगाऊ धरता येईल का? यावर चर्चा झाली. मयत इसम रविवारी जिवंत होता, या मुद्द्यावर सूचना फेटाळण्यात आली.

"वहिनी, दोन तांबे डोक्यावरून घेतले तर डोळा काय वाहून जातो का?" काकांनी विचारलं.

"एकच हाय, भावजी," आई म्हणाली. "गेला तर तुमचा काढून देता का? तसं असंल तर आत्ता न्हाते. बंब पेटवा."

कोणी बंब पेटवला नाही. शेवटी भावकीची पूजाअर्चा सांगणाऱ्या गुरुजींना विचारावं असं ठरलं. डॉक्टरांना विचारावं, ही सूचना मी मांडली होती. तिला अनुमोदन मिळालं नाही.

गुरुजींना फोन लावून तो सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. गुरुजींनी प्रकरण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डोक्यावरून पानी अजिबात घेऊ देऊ नका. गोमूत्र शिंपडा, झालं. माझं बी ऑपरेशन झालं ना गेल्या वैशाखात. महिनाभर मी डोकं भिजवलं न्हाई."

काकांनी नवीन घर बांधलं आहे. त्याची वास्तुशांत गेल्या वैशाखात, याच गुरुजींच्या हातून झाली.

"गुरुजी," काका फोनजवळ सरकले, "आमच्या वास्तुशांतीच्या दिशी तुमी न्हाले व्हते का?"

"गळ्याखालून," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर बैठकीचा विषय बदलला. वास्तुशांत लागू झाली की नाही, यावर दोन मतं पडली. काकांच्या दुभत्या म्हशीने मध्ये पान्हा चोरायला सुरुवात केली होती. त्याचं कारण आता सापडलं, असं एकाने सांगितलं. काका उठून गेले. आईच्या डोळ्याबाबतचा निर्णय गुरुजींच्या सल्ल्याप्रमाणे, म्हणजे शिंपडण्यावर, कायम राहिला.

शनिवारी सकाळी आठ वाजता काका स्टीलचा गडवा आणि आंब्याच्या पानांचा डहाळा घेऊन आले. आई चष्मा लावून खाटेवर बसली. मी म्हणालो, पायावर शिंपडा. काका म्हणाले, पायाला सुतक नसतं. त्यांनी डहाळा गडव्यात बुडवून आईच्या डोक्यावर तीनदा झटकला. पहिल्या दोन वेळा चार-सहा थेंब पडले. तिसरा झटका जोराचा होता. ओघळ कपाळावरून चष्म्याच्या आत गेला.

आईने चष्मा काढला नाही. पदराने गाल टिपला आणि म्हणाली, "फिटलं का आता?"

"फिटलं," काका म्हणाले.

अकरा वाजता डोळा लाल झाला. बारा वाजता त्यातून पाणी यायला लागलं. काकांनी स्वतःहून जीप काढली. आईला घेऊन आम्ही वसमतला निघालो. रस्त्यात हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, तेव्हा काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला शिव्या दिल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. "पाणी गेलं होतं का?"

"न्हाई," काका म्हणाले.

"गेलं," आई म्हणाली. "पानी न्हाई, गोमूत्र गेलं. यांनीच शिंपडलं. बराबर नेम धरून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काकांनी गुरुजींचा हवाला दिला. डॉक्टरांनी गुरुजींना मोतीबिंदू कोणी शिकवला असं विचारलं; काकांनी सांगितलं की गुरुजींचं स्वतःचं ऑपरेशन झालं आहे. डॉक्टरांनी डोळा धुऊन घेतला, थेंब बदलले, दर तासाला टाकायला सांगितले. जंतुसंसर्ग झाला असेल तर एक-दोन दिवसांत कळेल. दुखायला लागलं किंवा धूसर दिसलं तर क्षणभर न थांबता यायचं, नाहीतर सोमवारी. डोळा राहील का, असं मी विचारलं. "आज सांगता येत नाही," ते म्हणाले.

रविवारी आई दर थोड्या वेळाने समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने वाचत होती. मी हातातल्या घड्याळाशी पडताळत होतो. सकाळी दोनदा ती चुकली, एकदा पाच आणि एकदा दहा मिनिटांनी. तिला ते मी सांगितलं नाही. दुपारनंतरच्या सर्व वेळा बरोबर होत्या. काका सकाळपासून आमच्या पडवीत बसून होते. त्यांनी सकाळचा चहा घेतला नाही. चार वाजता आईने आतून विचारलं, "भावजी, तिथं बसून काहून राहिले? वास्तुशांत पुन्यांदा करायची न्हाई का?"

"तुमचा डोळा बघून ठरवू," काका म्हणाले.

"माझ्या डोळ्यात तुमचं घर दिसतं का?"

त्यावर काकांनी चहा मागितला.

सोमवारी दहा वाजता रुग्णालयात तपासणी झाली. लाली उतरली होती. संसर्ग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नंतर आईला वीस फुटांवरच्या तक्त्यासमोर बसवण्यात आलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यावर एकच चिन्ह वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेलं असतं. तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचं. आईने वरून सहा ओळी बरोबर दाखवल्या. सातवी चुकली. या वयात सहा पुष्कळ झाल्या, डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले.