दोन थापा म्हणजे चल

चाकांवरच्या घराचा ट्रेलर पिकअपला जोडताना नवरा-बायको एकमेकांना काय काय म्हणतात ते ऐकायचं असेल, तर मार्चअखेरीस आमच्या तळावर येऊन बसावं. ऊन तापायला लागलं की ॲरिझोनातल्या या खडीच्या माळावरून सगळे उत्तरेकडे निघतात, आणि तेव्हा जन्मभर संसार केलेली माणसं भररस्त्यात एकमेकांचा उद्धार करतात. "डावीकडे म्हटलं ना!" "तुझं डावं की माझं डावं?" मी खुर्ची टाकून, कॉफीचा मग घेऊन बसते. फुकटचा तमाशा मला आवडतो. माझा नवरा होता तेव्हा मीही त्यात काम केलेलं आहे.

रुडिसिल जोडप्याचा आवाज मात्र कधी आला नाही. एमेट पिकअपमध्ये बसायचा, विल्डा मागे हौद्याशी उभी राहायची आणि हौद्याच्या कडेवर तळव्याने थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. डिझेल इंजिनाच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही, पण पत्र्यावरची थाप पाठीला कळते. एमेट पाइपलाइनवरचा वेल्डर. जिथे नळ टाकायचं काम, तिथे यांचं घर. विल्डा केंटकीच्या डोंगरातली, लग्न होऊन आली ती थेट ट्रेलरमध्येच. मुलगीही त्यांनी चाकांवरच वाढवली. थापांची ही भाषा त्यांनी तेव्हा कधीतरी ठरवली आणि मग तीच राहिली.

विल्डा तळावरच्या सगळ्यांचे केस कापायची. ट्रेलरच्या सावलीत एक स्टूल, गळ्याभोवती जुनी चादर, आणि तिचा उजवा हात. त्या हाताबद्दल काय सांगू? माझ्या डोक्यावर आता जे गवत उरलंय त्यालाही तिने कधी माणसात आणलं होतं. कापता कापता ती गावभरच्या गोष्टी ऐकून घ्यायची, स्वतःची एकही सांगायची नाही.

पण आम्हाला डोळे होते. एमेट माझ्याकडून पाना मागून न्यायचा आणि थोड्या वेळाने परत पाना मागायला यायचा. सामुदायिक जेवणाच्या दिवशी मक्याची भाकरी त्याने घराऐवजी भलत्याच ट्रेलरमध्ये नेऊन ठेवली आणि तिथल्या बाईला विचारलं, "विल्डा कुठे गेली?" विल्डा हसून म्हणाली, "त्याला तुझी चव घ्यायची असेल." सगळे हसले. तिने असं पांघरूण घातलं की आपणही वर एक चादर टाकायची, ही आमची रीत.

एकदा केस कापताना मात्र ती बोलली. ओहायोतल्या मुलीचा फोन आला होता. बापाला विसर पडतोय हे मुलीला कळलं होतं. ती म्हणाली होती, ज्या दिवशी बाबांना ट्रेलर ओढता येणार नाही, त्या दिवशी मी त्यांना इथे आणून कुलपातल्या वॉर्डात ठेवणार.

"कुलपातल्या?" मी विचारलं.

"दाराला बाहेरून कुलूप असतं म्हणे. सुटून जाऊ नयेत म्हणून." कात्री थांबली. "हा माणूस आयुष्यात एका जागी राहिलेला नाही, नोरीन. त्याला मी कुलपात घालू?"

म्हणजे एमेट ट्रेलर जोडतोय, ओढतोय, तोवर सगळं ठीक होतं. आणि त्याच हिवाळ्यात त्यांचा जुना पिकअप मेला. दुसरा मिळाला तो आखूड हौद्याचा. जुना हिच, म्हणजे घर अडकवायचा लोखंडी सांधा, त्यात चालेना.

आमची घरं म्हणजे मागे दोरी बांधून ओढायची गाडी नव्हे. घराचं नाक पिकअपच्या हौद्यावर येतं, नाकाखालचा लोखंडी खुंटा हौद्यातल्या हिचच्या जबड्यात अडकतो, आणि त्या एका जबड्याच्या भरवशावर सगळा संसार रस्त्याने जातो. म्हणून बायको निवडताना माणूस जेवढा विचार करत नाही तेवढा हिच निवडताना करतो. जानेवारीच्या बाजारात क्लोव्हिसच्या तंबूत आम्ही गेलो तेव्हा ओळखीचे पाचसहा जण सल्ला द्यायला आपणहून मागे आले.

क्लोव्हिस लुइझियानाचा. पोट सुटलेला, जिभेवर साखर ठेवून लोखंड विकणारा माणूस.

"तुमचा हौदा आखूड, मिस विल्डा," तो म्हणाला. "जागचा न हलणारा हिच लावलात तर वळणावर घराचा कोपरा केबिनच्या काचेत घुसणार. सरकता हवा. त्यात दोन जाती. हा आपणहून सरकतो. गाडी वळली की मागे, सरळ झाली की पुढे. तुम्ही नुसतं चालवायचं. आणि हा हाताचा. अवघड वळण आलं की खाली उतरायचं, लांब दांडा ओढायचा, गाडी हळूच पुढे घ्यायची, की सरकला मागे."

"आणि हा आखूड दांडा?" विल्डाने विचारलं.

"तो जबड्याचा. तो ओढला की घर सुटतं."

"दोन्ही एकाच बाजूला?"

"एकाच बाजूला. सवयीचा हात चुकत नाही, मिस विल्डा."

विल्डाने वाकून ते दोन दांडे पाहिले. मीही पाहिले. शेजारी शेजारी, एकाच काळ्या रंगाचे.

एमेटने आपणहून सरकणाऱ्याकडे नुसती हनुवटी उडवली. "आपणहून सरकणारा हिच म्हणजे आपणहून मुका घेणारी बायको. कधी काय करील नेम नाही."

"तुझ्या वयाला तीच बरी," मी म्हटलं. "आता मागून कोण देतंय तुला?"

हशा झाला. क्लोव्हिस तर दोन्ही एकाच भावात द्यायला तयार होता. मी म्हटलं, "एमेट, आपणहूनचाच घे रे. उतरा, चढा, कशाला ती कटकट या वयात?"

एमेटचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे नाही, विल्डाकडे पाहिलं. "गाडी मी चालवतो की हिच चालवतो? का मला जमणार नाही असं म्हणणं आहे तुझं?"

तंबूत एकदम सगळ्यांना दुसरीकडे बघायचं सुचलं. कुणी साखळ्या चाचपायला लागलं, कुणी टोपी झटकायला. ती हो म्हणाली असती तर संध्याकाळच्या शेकोटीपर्यंत सगळ्या माळाला कळलं असतं आणि आठवड्यात ओहायोला. मी तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होते. बोल गं बाई, एकदा बोल.

"जमेल की," विल्डा म्हणाली. "हाताचाच द्या."

परत येताना मी तिला झाडलं. "तुला त्याची अब्रू प्यारी की जीव?"

"अब्रू गेल्यावर तो उरतो कुठे?"

मला तेव्हा तिचा राग आला. अजूनही येतो. आणि तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं हे कळतं म्हणून जास्त येतो.

हिच बसवल्यावर विल्डाने जबड्याच्या दांड्याला लाल नेलपॉलिश लावलं. लाल म्हणजे हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तो एमेट हौद्यात गुडघे टेकून चाकूने ते खरवडतोय. "मी काय बालवाडीत आहे?" तो म्हणाला. विल्डा दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. पुन्हा तिने काही लावलं नाही.

मार्च सरला. त्यांची निघायची सकाळ आली. आमच्याकडे एक नियम आहे, जोडणी चालू असलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. बोलण्यात ध्यान जातं, मग कुणाची वीजतार लोंबत राहते, कुणाचे टेकूचे पाय वर घ्यायचे राहतात. म्हणून निरोप द्यायला आलेले आम्ही सगळे जरा लांब, हाताची घडी घालून, देवळात उभं राहावं तसे गप्प उभे होतो. माझ्या हातात त्यांच्यासाठी केलेले बिस्किटांचे डबे होते.

एमेटने जोडणी अगदी झकास केली. खुंटा जबड्यात खाडकन बसला. टेकूचे पाय वर गेले. मला वाटलं, उगाच घाबरत होतो आपण. विल्डाने घर जागी अडवणाऱ्या, चाकांखालच्या उट्या काढायला हात घातला तर तो म्हणाला, "राहू दे, आधी हिच सरकवू." त्यांच्या जागेतून बाहेर पडायचं वळण अवघड होतं, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला माझंच घर. बरोबर होतं त्याचं. तो उतरला, हौद्यात हात घातला, दांडा ओढला, पुन्हा वर चढून बसला. विल्डा आपल्या जागी उभी होती, तळवा कडेवर.

त्याने आखूड दांडा ओढला होता. आम्हा लांबच्यांना ते कळलं नाही. तिला कळलं.

तिने थाप मारली. एक. थांब.

गाडी किंचित हलली, इंजिन चढलं. त्याला ती थाप कळली नाही, की कळून विसरला, कोण जाणे. तिने पुन्हा मारली, जोरात.

दोन थापा झाल्या. दोन थापा म्हणजे चल. एमेट निघाला.

जबडा उघडा होता. खुंटा त्यातून सुटला आणि घराचं नाक हौद्याच्या कडेवर बसलं. तिचा तळवा तिथेच होता.

ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडलो ते आम्ही. टेकूचे पाय खाली घेऊन घर उचलेपर्यंत ती गाडीला टेकून उभी होती आणि एमेट खिडकीतून मागे वळून विचारत होता, "काय झालं? दोन दिल्यास ना तू?"

हेलिकॉप्टर आलं. फिनिक्सच्या इस्पितळात तिचा अंगठा तेवढा वाचला. मी गेले तेव्हा हाताचं पांढरं गाठोडं उशीवर ठेवून ती पडली होती. मी विचारलं, "ओरडली का नाहीस गं?"

"तुम्ही सगळे उभे होतात," ती म्हणाली. "ओरडले असते तर सगळ्यांना कळलं असतं, तो चुकला म्हणून."

मी उठून बाहेर गेले आणि पार्किंगमध्ये उभी राहून रडले. एवढ्यासाठी हात दिला बाईने.

डॉक्टरांना, पोलिसांना, मुलीला, सगळ्यांना तिने एकच सांगितलं, दांडा मी ओढला. ते परत आले, घर ठोकळ्यांवर चढवून माझ्या शेजारीच कायमचं उभं केलं, पिकअप क्लोव्हिस घेऊन गेला. उन्हाळाभर आम्ही दोन म्हाताऱ्या तिथेच भाजत बसलो. एमेट रोज सकाळी तिचा हात पाहायचा आणि दचकायचा.

"हे काय झालं गं?"

पहिल्या दिवसांत ती खरं सांगायची. मग तो लहान मुलासारखा रडायचा, जेवायचा नाही, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा नव्याने विचारायचा. रोज नव्याने कापायचं त्याला. तेव्हा तिने खरं सांगणं सोडलं.

"मी चुकीचा दांडा ओढला रे."

"तरी मी सांगत होतो!" एमेट कडाडायचा. "दांड्याला हात लावू नकोस म्हणून हजारदा सांगितलं. बायकांना सांगून उपयोग आहे का!"

"चुकलं माझं," विल्डा म्हणायची आणि डाव्या हाताने त्याच्या भाजलेल्या पावाला लोणी लावायची. मी भिंतीपलीकडे बसून ऐकायचे. पहिल्या पहिल्यांदा जाऊन त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटे. मग बघितलं, रागावून झालं की तो दिवसभर बरा असे. त्याला अजून काहीतरी माहीत आहे, जे तिला माहीत नाही, अशा तोऱ्यात खुर्चीवर बसे.

ऑक्टोबरात तो हायवेकडे चालायला लागला. एका हाताने तिला तो धरवेना. मी धावून आणायचे, पण माझे गुडघे काही धावायचे नाहीत. एका सकाळी मालट्रकचा भोंगा ऐकून दोघी पळालो तर तो पांढऱ्या पट्ट्यावर उभा, दोन्ही बाजूंनी गाड्या थांबलेल्या, आणि हा मागे बघत कुणाची तरी वाट पाहतोय. त्या संध्याकाळी विल्डाने स्वतः ओहायोला फोन लावला. मला बोलावून शेजारी बसवलं, पण बोलली ती एकटी. "ये," म्हणाली. "त्याला घेऊन जा." मुलगी तिकडून काहीतरी विचारत होती. "नाही, मी इथेच. तिथे मला ठेवणार नाहीत त्याच्याबरोबर."

मुलगी आली. बारीक अंगाची, थकलेली. मी तिच्याबद्दल मनात बरंच वाईट साठवून ठेवलं होतं, ते तिला बघून सांडून गेलं. एमेटची एक बॅग गाडीत गेली. एमेटला गाडीत बसवलं तर बसला, पण दार लावू देईना. एक पाय बाहेर.

"बाबा, पाय आत घ्या ना."

"मागे कोण आहे?" त्याने विचारलं. "मागे कुणी बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. अक्कल आहे का तुला?"

"मागे काही नाही, बाबा. साधी गाडी आहे."

"विल्डा कुठाय?"

मुलीने आईकडे पाहिलं. विल्डा माझ्या शेजारी उभी होती, ओढणीसारखा रुमाल त्या हातावर गुंडाळून. ती तशीच उभी राहिली असती तर तो पाय आत गेला नसता, हे तिला माहीत होतं, मलाही. मला वाटलं, राहू दे. एक दिवस राहू दे त्याला.

"मी आहे मागे," विल्डा म्हणाली.

ती गाडीच्या मागे गेली. एमेटने आरशात तिला पाहिलं आणि पाय आत घेतला. मुलीने दार लावलं, पट्टा बांधला, जाऊन बसली, इंजिन सुरू केलं. विल्डाने डावा हात पत्र्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग एक थाप मारली. आणि थांबली. गाडीही थांबूनच होती, मुलीला ही भाषा ठाऊक असणारच, त्याच घरात वाढली ना ती.

मग विल्डाने दुसरी मारली.

उघड्या खिडकीतून एमेटचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला. "चल," तो मुलीला म्हणाला. "मागे सगळं ठीक आहे."